माडीचा लाकडी जिना निसरडा झालाय? पॉलिशचा डबा आधी बाजूला ठेवा

गावच्या घरी मोठ्या काकू जिन्यावरून घसरल्या तो दिवस हरतालिकेचा होता आणि चूक शंभर टक्के माझी होती. गणपतीला सगळे जमणार, घर जरा बरं दिसावं म्हणून पंधरा दिवस आधी रजा टाकून मीच माडीच्या जिन्याला चकचकीत पॉलिशचे दोन हात मारले होते. तेही भर पावसात. चौदाच्या चौदा पायऱ्या अशा चमकत होत्या की वरच्या खिडकीचे गज त्यात दिसावेत. काकू पागोळ्यांखालून ओल्या पायांनी आत आल्या, माडीवर गेल्या, दोन्ही हातांत पाटांची चवड घेऊन उतरू लागल्या आणि चौथ्या पायरीवर पाय सुटला. मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. "तुला जिना पुसायला सांगितला होता गो, त्याचा आरसा करायला नाही," दवाखान्यातून परतताना गाडीत त्या एवढंच म्हणाल्या.

त्यानंतरच्या तीन वर्षांत तोच जिना मी आणि गावच्या सुतारकाकांनी मिळून थोडा थोडा करून सुधारला. दोनदा केलेलं काम उखडून परत करावं लागलं. तुमच्याकडे कोकणातलं माडीचं घर असो, पेठेतला वाडा असो, चाळीचा जिना असो किंवा हौसेने लाकडी पायऱ्या बसवलेला डुप्लेक्स फ्लॅट, क्रम साधारण हाच लागेल. बहुतेक जण बाजारातून खरखरीत टेप आणून चिकटवण्यापासून सुरुवात करतात. टेप पाचव्या पायरीला येते, म्हणजे या लेखातल्या पाचव्या. आधीची चार कामं सोडली तर ती पहिल्या पावसाळ्यातच सुटून येते आणि पायात अडकते.

हाताशी काय काय लागेल

मोजपट्टी, खडू, टॉर्च, जाडसर टोच्या किंवा जुना स्क्रूड्रायव्हर, हातोडी, स्क्रू, लाकडाचा गोंद, ८०, १२० आणि १८० नंबरचा पॉलिश पेपर, टर्पेन्टाइन, सुती चिंध्या, तोंडाला चांगला मास्क, लाकडासाठीचं कमी चकाकीचं (मॅट किंवा सॅटिन) पॉलियुरेथेन, म्हणजे ब्रशने मारायचं तयार पारदर्शक पॉलिश, दोन ब्रश, धुऊन वाळवलेली बारीक वाळू आणि पिठाची चाळणी. चाळणी एकदा वाळूला वापरली की परत स्वयंपाकघरात नेऊ नका, हे सांगायला नको. पण आमच्याकडे सांगावं लागलं.

कामाचा हंगाम दिवाळी उलटल्यापासून शिमग्यापर्यंतचा. पावसाळ्यात लाकूड पाणी धरून फुगलेलं असतं, पॉलिश वेळेवर सुकत नाही आणि पांढरट पडतं. मी ऑगस्टमध्ये मारलेलं पॉलिश दिसायला चकचकीत होतं, पण आठवडाभर हाताला किंचित चिकट लागत होतं, ते यामुळेच.

१. आधी नुसतं बघा, आणि तेही उतरताना

चढताना पाय पुढून पायरीवर येतो आणि शरीर पुढे झुकलेलं असतं, त्यामुळे घसरलंच तर माणूस हातांवर पडतो. उतरताना सगळा भार पायरीच्या कडेवर, चवड्यावर येतो आणि पाय सुटला की पाठ आणि डोकं मागे आपटतं. म्हणून तपासणी वरून खाली येताना करायची, अनवाणी आणि सावकाश. पाय कुठे सरकतो, कुठे लाकूड करकरतं, कुठे हात आपोआप भिंत शोधतो तिथे तिथे खडूने खूण करा.

मग मोजा. भारताच्या राष्ट्रीय इमारत संहितेत राहत्या घराच्या जिन्यासाठी पायरीची उंची जास्तीत जास्त १९० मिलिमीटर आणि पाय ठेवायची खोली कमीत कमी २५० मिलिमीटर दिली आहे. जुन्या घरांचे जिने या हिशोबात बसत नाहीत. आमच्या जिन्याची पायरी २२ सेंटिमीटर उंच आणि जेमतेम २१ सेंटिमीटर खोल, म्हणजे मोठ्या माणसाचं पाऊल पूर्ण मावतच नाही. असा जिना मोडून नवा करणं हा वेगळा खर्च आणि वेगळा लेख. तो आहे तसाच ठेवायचा असेल तर घरात एक नियम करा: म्हाताऱ्या माणसांनी आणि मुलांनी शिडी उतरतात तसं जिन्याकडे तोंड करून उतरायचं. पाहुण्यांना हसू येतं, येऊ द्या.

उंचीपेक्षाही जास्त दगा देतो तो पायऱ्यांमधला फरक. दोन-तीन पायऱ्या उतरल्या की पायाला माप पाठ होतं आणि पुढे तो डोळ्यांना विचारत नाही. मध्येच एखादी पायरी सेंटिमीटरभर कमी-जास्त निघाली की तोल जातो. प्रत्येक पायरीची उंची मोजून कागदावर लिहा. आमच्याकडे खालची शेणाची जमीन काढून फरशी बसवली तेव्हा जमीन वर आली आणि सगळ्यात खालची पायरी पाच सेंटिमीटरने बुटकी झाली. कित्येक वर्षं येणारा-जाणारा तिथे ठेचकाळायचा आणि आम्ही "बघून चाल रे" म्हणायचो. फरशी बदललेल्या जवळजवळ प्रत्येक जुन्या घरात हे सापडेल.

२. हलणारं, कुजलेलं आणि पोखरलेलं

हे काम दिसत नाही म्हणून टाळलं जातं. टाळू नका. हलणाऱ्या फळीवर जगातली कितीही चांगली टेप लावली तरी ती हलणारी फळीच राहते.

जिन्याखाली जा. तिथली गोणपाटं, जुने पेटारे, नारळाचा ढीग बाहेर काढा आणि टॉर्च मारून बघा. पायऱ्यांच्या आडव्या फळ्या दोन्ही बाजूंच्या लांब, तिरक्या फळ्यांमध्ये कशा बसवल्यात? जुन्या कामात बहुतेक ठिकाणी खाच पाडून फळी आत सरकवलेली असते आणि खालून पाचर ठोकलेली असते. उन्हाळ्यात लाकूड आकसतं, पाचर ढिली होते आणि पायरी करकरायला लागते. वरून एकाने पायरीवर डोलायचं, खालून दुसऱ्याने बघायचं. कुठली पाचर हलते ते लगेच कळतं. ढिली पाचर काढून, खाचेतला भुसा साफ करून, गोंद लावून परत ठोकली की निम्मा आवाज जातो. उरलेल्या ठिकाणी पायरी आणि बाजूच्या फळीच्या कोनात लाकडाचा छोटा ठोकळा गोंद आणि स्क्रूने बसवायचा. खिळे नकोत. लाकूड फुगतं-आकसतं तसा खिळा हळूहळू वर येतो आणि एक दिवस टाचेत शिरतो. आमच्या जिन्यात असे अकरा खिळे निघाले, त्यातले काही आजोबांच्या हातचे असावेत.

कीड तपासायला टोच्या. फळीच्या खालच्या अंगाला, भिंतीला टेकलेल्या टोकाला आणि जमिनीला लागलेल्या भागाला टोचून बघा. निरोगी साग टोच्याला दाद देत नाही; आत मऊ लागलं, भुसभुशीत तुकडा निघाला तर ती फळी बदलायची. भिंतीवरून मातीच्या बारीक नळ्या चढल्या असतील तर वाळवी आहे. पायरीखाली पिठासारखा भुसा आणि लाकडाला टाचणीएवढी भोकं दिसली तर लाकूड पोखरणारी दुसरी कीड आहे. दोन्हींचे उपाय वेगळे, तेव्हा पेस्ट कंट्रोलवाल्याला दोन्हींतलं काय आहे ते दाखवूनच काम द्या.

रॉकेल किंवा डिझेल फासणं हा गावोगावचा उपाय. पायऱ्यांच्या वरच्या अंगाला तो चुकूनही करू नका. आग लागायची भीती तर आहेच, शिवाय ते लाकडात मुरतं, आठवडेच्या आठवडे निसरडं ठेवतं आणि नंतर त्यावर पॉलिश धरत नाही, टेपही धरत नाही.

नवी फळी टाकायची असेल तर फक्त जुन्या फळीच्या जाडीचीच टाका. सुताराकडे पडलेली अर्धा इंच जाड फळी "चालून जाईल" म्हणून बसवली की परत एक पायरी उंचीने वेगळी होते, म्हणजे मघाचाच दगा.

जिना मागून उघडा असेल, म्हणजे दोन पायऱ्यांमध्ये उभी फळी नसेल, तर लहान मुलं असलेल्या घरात ती बसवून घ्या. निदान एवढी पट्टी तरी मारा की मुलाचं डोकं आत जाणार नाही. फट दहा सेंटिमीटरपेक्षा कमी राहिली पाहिजे.

३. जुनी चकाकी आणि मेण उतरवा

आता मला सगळ्यात महाग पडलेला भाग. पायरी निसरडी होते ती बऱ्याचदा लाकडामुळे नाही, तिच्यावर आपण वर्षानुवर्षं चढवलेल्या थरांमुळे: मेणाचं पॉलिश, खोबरेल, फर्निचर चमकवायचा स्प्रे, साबणाच्या पाण्याने पुसल्यावर राहिलेला पापुद्रा. कपाटाला मारायचा स्प्रे पायरीला मारणं म्हणजे घसरगुंडी तयार करणं. त्यातल्या बऱ्याच स्प्रेंमध्ये सिलिकॉन असतं आणि त्यावर नंतर पॉलिश मारलं तर ते माशाच्या डोळ्यांसारखे गोल गोल खळगे सोडून फाटतं.

ओळखायला पाण्याचा एक थेंब पुरतो. तो पायरीवर मोत्यासारखा टपोरा उभा राहिला तर वर मेण, तेल किंवा पॉलिशचा थर आहे. लाकडात शोषला गेला तर लाकूड उघडं आहे.

मेण आणि तेल टर्पेन्टाइनने निघतं. चिंधी भिजवून पुसायचं आणि चिंधी पालटत राहायचं, नाहीतर तेच मेण पुढच्या पायरीवर पसरतं. खिडक्या उघड्या ठेवा, देवघरातला दिवा आणि चूल विझलेली असू द्या. पायरी पूर्ण सुकल्यावर पॉलिश पेपर: आधी ८० नंबर, मग १२०, शेवटी १८०. नेहमी लाकडाच्या रेषांच्या दिशेने घासायचं. आडवं घासलं तर ओरखडे पॉलिशखाली कायमचे दिसतात. १८० च्या पुढे जाऊ नका. फर्निचरसारखा रेशमी हात आपल्याला इथे नकोच आहे.

जिन्याला जुना ऑइलपेंट असेल तर थांबा. भारतात घरगुती रंगांत शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) आत असावं हा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या, विशेषतः आपल्या लहानपणीच्या हिरव्या-पिवळ्या-तांबड्या रंगांत शिसं असू शकतं. असा रंग कोरडा घासू नका. पाणी मारून ओला घासा, मास्क लावा, मुलांना आणि घरात कोणी गरोदर असेल तर तिला त्या दिवशी शेजारी पाठवा आणि सगळा चुरा ओल्या फडक्याने गोळा करा. अंगणात झाडून टाकायचा नाही.

४. नवा हात: मॅट, आणि त्यात वाळू

दुकानदार म्हणेल, "मॅट घ्या ताई, घसरणार नाही." अर्धं खरं आहे. मॅट म्हणजे प्रकाश कमी परावर्तित होतो एवढंच. पायाला पकड मिळेलच असं नाही. दुसऱ्या वेळी मी मॅटचे दोन हात मारून निवांत झाले आणि पहिल्याच पावसात ओल्या पायांना तो जिना पूर्वीइतकाच निसरडा निघाला. हे माझं पहिलं उखडलेलं काम.

मग सुतारकाकांनी एक साधी परीक्षा सांगितली. हातभर लांबीचे सागाचे तीन तुकडे घ्यायचे. एकाला चकचकीत पॉलिश, दुसऱ्याला मॅट, तिसऱ्याला वाळू टाकलेलं मॅट. सुकल्यावर तिन्हींवर पाणी शिंपडायचं. मिठाची किलोची पिशवी ओल्या सुती मोज्यात घालून तुकड्यावर ठेवायची आणि तुकडा एका टोकाने हळूहळू उचलायचा. चकचकीत तुकड्यावरून पिशवी उचलताक्षणीच निघाली. मॅटवर फार फरक पडला नाही. वाळूचा तुकडा बराच उभा केला तेव्हा कुठे ती सरकली. स्वयंपाकघराच्या ओट्यावर पंधरा मिनिटांत झालेली ही परीक्षा मी आधी केली असती तर एक डबा वाचला असता.

कृती अशी. पहिला हात साधा मारा, सुकू द्या, १८० ने हलकेच घासून धूळ पुसा. दुसरा हात ओला असतानाच त्यावर चाळलेली वाळू सोडा, रांगोळीची रेघ ओढताना चिमटीतून सोडतो तशी, पण विरळ आणि सगळीकडे सारखी. सुकल्यावर न चिकटलेली वाळू मऊ झाडूने काढा आणि वरून तिसरा हात मारून दाणे पक्के करा. वाळू समुद्राची नको, तिच्यात मीठ असतं. रांगोळीही नको, ती मऊ दगडाची असते आणि महिन्याभरात झिजून गुळगुळीत होते. वाळूऐवजी पॉलिशमध्ये मिसळायची तयार खरखरीत पूड रंगाच्या मोठ्या दुकानात मिळते, ती जास्त एकसारखी बसते.

दाणा किती जाड? आपण घरात अनवाणी चालतो, हे विसरू नका. परदेशी व्हिडिओंमध्ये बूट घालून चढणारी माणसं दाखवतात आणि त्यांच्यासाठी दाणाही जाड असतो. तो आपल्या टाचांना कानशीसारखा लागतो आणि गुडघे टेकून चढणाऱ्या बाळाची कातडी सोलतो. पिठाच्या चाळणीतून पडेल तेवढाच दाणा घ्या.

रंगवताना एक आड एक पायरी घ्या. आज विषम पायऱ्या, त्या पूर्ण सुकल्यावर सम. नाहीतर माडीवरची माणसं माडीवरच अडकतात. ओल्या पायरीवर खडूने फुली काढून चालत नाही (कुठे काढणार?), म्हणून प्रत्येक ओल्या पायरीच्या दोन्ही टोकांना सुतळी बांधा. एवढं करूनही आमच्या नवव्या पायरीवर मांजराच्या पावलांचे ठसे आहेत.

जवसाच्या तेलाचा हात देणारेही आहेत. लाकडाला तो चांगला, पण भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. हे तेल सुकताना उष्णता सोडतं आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. चिंध्या पसरून बाहेर वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा. काजूच्या टरफलांचं तेल कोकणात लाकडाला फासतात, ते पायऱ्यांच्या खालच्या अंगालाच ठीक. कातडीला लागलं तर फोड येतात.

५. कड: इथेच पाय सुटतो

कडेची निवड घरातल्या माणसांवरून करा.

खरखरीत चिकटपट्टी सर्वांत सोपी. ५० मिलिमीटर रुंदीची, पाच मीटरची गुंडाळी सहज मिळते. चौदा पायऱ्यांना ६० सेंटिमीटरच्या हिशोबाने ८.४ मीटर लागते, म्हणजे दोन गुंडाळ्या. कडेपासून बोटभर आत, कडेला समांतर लावा. कोपरे कात्रीने गोल करा, कारण टोकदार कोपराच आधी उचलतो. मेण किंवा तेल असलेल्या लाकडावर ती धरत नाही, म्हणून तिसऱ्या पायरीतलं काम आधी. पॉलिश पूर्ण मुरायला आठवडाभर द्या, मग पट्टी. मी तिसऱ्याच दिवशी लावली आणि ती पॉलिशचा पापुद्रा घेऊन वर आली. हे दुसरं उखडलेलं काम. अनवाणी पायांसाठी वाळूच्या पट्टीऐवजी रबरासारखी मऊ पट्टी मिळते, तीच घ्या.

धातूची कड म्हणजे जुन्या मुंबईतल्या इमारतींत दिसणारी पितळी पट्टी किंवा हल्लीची रबर बसवलेली ॲल्युमिनियमची. टिकाऊ आहे, पण स्क्रूचं डोकं धातूत बुडलेलं हवं. वर राहिलेल्या डोक्यात साडीचा काठ अडकतो. नुसती गुळगुळीत पितळी पट्टी ओल्या पायाला लाकडापेक्षा वाईट. रेषा कोरलेली असेल तरच बसवा.

खोबणी पाडणं, म्हणजे कडेजवळ दोन-तीन बारीक चर मारणं, सुताराला आवडतं कारण दिसायला छान. फळी दीड इंचापेक्षा पातळ असेल तर नको म्हणा. चरात लाल माती बसते, पावसाळ्यात ओल धरते, आणि कडेच्या फार जवळ चर आला तर तिथून लाकूड फुटतं.

कड रंगाने वेगळी दिसायला हवी हे लोक विसरतात. सागाची तपकिरी पायरी, तिच्याखाली सागाचीच तपकिरी पायरी. मोतीबिंदू झालेल्या डोळ्याला तिथे एक सपाट उतार दिसतो. बायफोकल चष्म्याची खालची भिंग वाचायची असते, तिच्यातून पायरी धूसर दिसते. म्हणून पट्टी फिकट रंगाची निवडा, आणि सर्वांत वरची व सर्वांत खालची पायरी तर नक्कीच वेगळी रंगवा. आमची ती बुटकी पायरी आता पूर्ण पिवळी आहे. दिसायला भयंकर. तीन वर्षांत तिथे कोणी ठेचकाळलं नाही.

६. हाताला आधार

वाड्यांतल्या आणि चाळींतल्या उभ्या जिन्यांना वरून दोर लोंबत असतो. चढताना तो उपयोगी पडतो, पण उतरताना पाय सुटला तर दोर माणसाबरोबर झुलतो. दोर राहू द्या, पण एक पक्का दांडा बसवा. शक्य असेल तर दोन्ही बाजूंना, कारण ज्याचा उजवा हात अधू आहे त्याला उजवीकडचा दांडा काय कामाचा.

मुठीत पूर्ण मावेल असा गोल दांडा घ्या, चार ते पाच सेंटिमीटर जाडीचा. रुंद, चपटी, कोरीव लाकडी पट्टी दिसते छान, पण पडताना बोटं तिच्याभोवती वळत नाहीत. दांडा आणि भिंत यांत पाच सेंटिमीटर जागा ठेवा. पायरीच्या कडेपासून उंची ९० सेंटिमीटर ते एक मीटर. आणि दांडा शेवटच्या पायरीच्या पुढे वीतभर गेला पाहिजे, कारण जिना संपला असं वाटतं तिथेच हात लवकर सुटतो.

भिंत कशाची आहे ते बघून बसवा. जांभ्याचा चिरा मऊ आणि सच्छिद्र. साध्या गिट्टीत (भिंतीच्या भोकात ठोकायच्या प्लास्टिकच्या खुंटीत) बसवलेला स्क्रू वर्षभरात खेळायला लागतो. लांब अँकर (भिंतीत घट्ट रुतून बसणारे बोल्ट) किंवा रसायन भरून बसवायचे अँकर घ्या. मातीच्या भिंतीत तर काहीच धरणार नाही. तिथे दांडा भिंतीला न लावता जिन्याच्या वरच्या आणि खालच्या खांबांना आरपार बोल्टने बांधा. बसवून झाल्यावर घरातल्या सर्वांत वजनदार माणसाला लोंबकळायला सांगा. आमच्याकडे ते मोठे काका, आणि त्यांनी हे काम फार मनापासून केलं.

७. उजेड

जिन्याचा दिवा खालून आणि वरून, दोन्हीकडून लागला-विझला पाहिजे. वायरमनला "जिन्याची वायरिंग" म्हटलं की कळतं, दोन टू-वे बटणं लागतात. एकच दिवा पाठीमागे असेल तर उतरताना आपलीच सावली पुढच्या पायरीवर पडते. म्हणून एक वर, एक खाली, असे दोन कमी वॅटचे दिवे एका मोठ्या दिव्यापेक्षा बरे. गावाला वीज जाते, त्यामुळे माणूस आला की आपोआप लागणारे बॅटरीचे छोटे दिवे पायऱ्यांच्या बाजूला चिकटवा. फोनचा टॉर्च हा उपाय नाही, कारण एक हात फोनला गेला की दांड्याला कोण धरणार?

८. पुसणं, पसारा आणि पायपुसणी

सुटी सतरंजी, गोधडीचा तुकडा, पायपुसणं जिन्यावर आणि जिन्याच्या तोंडाशी नको. खाली पायपुसणं हवंच (पाय कोरडे हवेत ना), तर मागे रबर असलेलं घ्या आणि शेवटच्या पायरीपासून दोन पावलं लांब ठेवा. पायऱ्यांवर कांदे, वर्तमानपत्रांचे गठ्ठे, चपला ठेवायची सवय मोडायला मला वर्ष लागलं.

पुसायला साधं पाणी आणि घट्ट पिळलेलं फडकं. आधी झाडून घ्या, कारण सुटी लाल माती पायाखाली छऱ्यांसारखी गडगडते. अभ्यंगस्नानाच्या पहाटे तेल लावलेले पाय घेऊन मुलं माडीवर पळतात, त्या दिवशी जिन्याच्या पायथ्याशी एक माणूस बसवा.

जिना तुमच्या एकट्याचा नसेल तर

माझं माहेर गिरगावातल्या चाळीतलं. तिथला जिना सगळ्यांचा, म्हणजे दुरुस्तीही आपल्या मर्जीने करता येत नाही. चाळ उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणारी जुनी इमारत) असेल तर दुरुस्तीचा विषय म्हाडाच्या मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाकडे जातो. अर्जासोबत हलणाऱ्या पायऱ्यांचे जवळून काढलेले फोटो, पायऱ्यांचे क्रमांक, भाडेपावतीची प्रत आणि मजल्यावरच्या जास्तीत जास्त बिऱ्हाडांच्या सह्या जोडा, आणि पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. दिवा बदलणं, कडेला फिकट पट्टी चिकटवणं एवढं तोपर्यंत वर्गणी काढून होतं. वाडा महापालिकेच्या वारसा यादीत असेल तर मूळ लाकडात चर मारण्याआधी तिथे विचारा.

परदेशात मुलांकडे सहा महिने राहायला जाणाऱ्या आईवडिलांसाठी एकच सांगते. तिकडे थंडीमुळे घरात मोजे घालतात, आणि गुळगुळीत लाकडी जिन्यावर साधा सुती मोजा हा ओल्या पायाइतकाच वाईट. तळव्याला रबराचे ठिपके असलेले मोजे इथूनच घेऊन जा. घर भाड्याचं असेल तर लाकडाला काही लावण्याआधी मुलाला घरमालकाची लेखी परवानगी घ्यायला सांगा.

दरवर्षी श्रावणात

गणपतीच्या आधी एक दुपार काढा. पाचर हलते का, खिळा वर आलाय का, पट्टीचं टोक उचललंय का, दांडा खेळतोय का, दिवे लागतात का. उचललेली पट्टी परत दाबून बसवू नका, सरळ काढून नवी लावा. पायऱ्यांचा मधला भाग आधी झिजतो, तिथली वाळू हाताला लागेनाशी झाली की दिवाळीनंतर तेवढ्याच भागाला परत वाळूचा एक हात. उरलेल्या पॉलिशच्या डब्यावर तारीख लिहून तो माळ्यावर ठेवा, आणि उघडल्यावर वर साय धरलेली दिसली तर वापरू नका.

काकूंनी वाळूच्या पायऱ्यांवर पहिल्यांदा पाय घासून बघितला तेव्हा म्हणाल्या, "खरखरतंय गो, माझ्या टाचांच्या भेगा निघतील आता." हल्ली त्या पाट मात्र एकेकच नेतात.